जस्त

बस्त्यावला संत्र्याच्या चवीच्याच लागतात.
लिंबाच्या नको, म्हणतो, फिनेलचा वास येतो.
चघळायच्या पंधरा गोळ्यांची पट्टी,
आणि माझ्या दुकानाची पायरी उतरला की शेजारच्या टपरीवर
दोन सुट्या: एक कानावर, एक ओठांत.
माझ्याकडून क जीवनसत्त्व, तिथून धूर.
सर्जेकोटच्या जेटीवर आम्हा दोघांचाही धंदा
एकाच माणसावर चालतो.

प्रत्येक सिगरेटीमागे एक गोळी.
जिभेवर ठेवून डोळे मिटतो,
रविवारी फादर ठेवतात तेव्हा मिटतो तसेच.
मग खोकतो.
आधी कोरडा, मग ओला,
शेवटी माझ्या काउंटरची काच धरून.

इंजिनाने एअर धरली तर
खाडीपलीकडून आवाज ऐकून सांगणारा माणूस.
डिझेलची नळी तोंडाने ओढायचा, एका दमात.
ओरोसला त्याला दुसरी एक नळी दिली, म्हणाले, फुंका.
पडद्यावरची रेघ चढली
आणि घाटात टेंपो बसावा तशी अर्ध्यावर बसली.
श्वासनळ्यांना सूज, असं कागदावर आहे.
कागद माझ्यापुढे सरकवून विचारलं,
"ह्येच्यार दोन पट्ट्यो चलतल्यो?"

मी शिकलेलं सांगायला गेले.
धुरातून असे कण येतात, म्हटलं,
ज्यांचं स्वतःचंच काही हरवलेलं असतं,
मग समोर येईल त्याचं ओरबाडतात…
आणि अडले.
समोर त्याच्याच हाताखालची लाँच वर ओढलेली,
पंख्याशेजारी बोल्टने आवळलेली जस्ताची वडी.
ती बघ, म्हटलं.
खारं पाणी खायला येतं तेव्हा आधी तिला खातं.
ती झिजते म्हणून पंखा राहतो.
तुझ्या गोळीचं तेवढंच काम. आधी झिजणं.

मला वाटलं, छान समजावलं.

तो हसला, हसता हसता वाकला, थुंकून आला.
"बाय, जस्त वरसाक एक लागता.
म्हयन्यात संपला तर मी दुसरा लावणंय नाय.
वायर शोधतंय.
खंयतरी करंट लीक असता."

मग गप्प.
कानावरची सिगरेट काढली, बघितली,
परत कानावर ठेवली.
जेटीवर कुणीतरी बर्फ फोडत होतं.
आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं,
आणि मला कळलंय हेही.

जाता जाता वरच्या फळीकडे बोट:
ती मगे?
गाजराच्या रंगाची बाटली, दुकानातली सगळ्यात महाग.
ती तुला नाही, म्हटलं.
ओढणाऱ्यांना देऊन बघितलीय मोठ्या लोकांनी,
भलं व्हायचं ते उलटंच झालं.
सातशे रुपये होते. आईशप्पथ, हात वळवळला.
कातरीन आवळे घालते ना मिठाच्या पाण्यात, ते खा,
जेवणात खा, औषध म्हणून नको,
आणि सिगरेटीचं प्रायश्चित्त म्हणून तर मुळीच नको.

पंधरा दिवस फिरकला नाही.
टपरीवाला म्हणाला, इकडेही कमी येतो.
त्यावर मी काहीच ठरवलं नाही;
माणसं दुसरी टपरीही शोधतात.

आला तो कागदात काहीतरी गुंडाळून.
जुनी वडी, लाँचवरून उतरवलेली.
मूळची साबणाएवढी असणार,
आता वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी,
बोल्टच्या भोकाभोवती तेवढी शिल्लक.
"ठेव," म्हणाला, "कागद उडतत तुझे."
पट्टी एकच मागितली.
आठवर आलो म्हणतो. मी मोजायला जात नाही.
खोकला आहे अजून, काच धरायला लागते,
पण धरून सोडतो लवकर.

चिठ्ठ्यांवर तीच ठेवते मी आता.
कुणी कानावर सिगरेट लावून त्या गोळ्या मागितल्या की
वडी उचलून त्याच्या तळहातावर देते,
पट्टी काढेपर्यंत.
बहुतेक जण विचारतात, हे काय?
बोटांना पांढरी पूड लागते,
ती पँटीला पुसत.